हिल्कासाठी मागच्या मुठी

"याल्मारीच्या स्नोमोबाइलला काय सोनं लागलंय? रविवारी हिल्का माझ्याच मागे बसेल, आणि तिच्या हातांना घाम फुटेल घाम!" तौनोने भर सॉनात, वाफेच्या न्हाणीत, जाहीर करून टाकलं. शेजारच्या घरातला याल्मारी वरच्याच फळीवर बसला होता. त्याने नुसतं हसून तापल्या दगडांवर आणखी एक पळी पाणी ओतलं. त्या हसण्याने तौनोच्या अंगाचा तिळपापड झाला.

झालं होतं एवढंच, की तौनोच्या बर्फावरच्या गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणून त्याची बायको हिल्का दुकानातून याल्मारीच्या मागे बसून घरी आली. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "काय ऊबदार मुठी आहेत रे त्याच्या मागच्या सीटच्या! आपल्या धरायच्या म्हणजे गोठलेले मासे धरायचे. रविवारच्या मासेमारीच्या स्पर्धेला मी त्याच्याबरोबरच जाईन."

अख्ख्या गावासमोर? गोठलेल्या तळ्यावर? याल्मारीच्या मागून उतरणार? तौनोला कॉफी कडू लागली.

त्याने त्याच दिवशी जुन्या मुठी सुरीने कापून काढल्या आणि नव्या, तापणाऱ्या बसवल्या. सोबत ऊब कमीजास्त करायचं बटण आलं होतं. "कमी कशाला? याल्मारीपेक्षा कमी?" म्हणत त्याने बटण फेकून दिलं आणि वायर थेट बॅटरीला जोडली. बाहेर उणे बत्तीस होतं. हात लावून पाहिला, तर नुसतं कोमट! मग त्याने भंगारातल्या मोटारीची सीट फाडली, तिच्यातली तापणारी तार काढली आणि मुठींच्या आत गुंडाळली. आता कुठे त्याच्या जिवाला गारवा मिळाला.

रविवारी पारा उणे तीनवर! उन्हाने छपरं गळायला लागली होती. पण तौनोचं लक्ष होतं याल्मारीच्या खिडकीकडे.

"बस हिल्का! धर घट्ट!"

"अगंबाई, खरंच ऊबदार आहेत की!" हिल्का हरखली. तौनोने ऐटीत गाडी सोडली.

पहिल्या वळणावर मागून किंकाळी आली. खूश झाली बिचारी! दुसरी आली, ती आणखी मोठी. तौनोने वेग वाढवला. मग मागे सगळं शांत झालं.

"बोल आता, कोणाच्या मुठी चांगल्या?" तौनो पुढेच बघत हसला. "लाजतेस काय?"

तळ्यावर अर्धं गाव बर्फाला भोकं पाडत बसलं होतं. तौनोने दिमाखात गाडी थांबवली. लोक एकटक मागच्या सीटकडे बघत होते. तौनो वळला. दोन्ही मुठींना हिल्काचे नायलॉनचे हातमोजे वितळून चिकटले होते आणि त्यांतून धूर निघत होता. हिल्काचा पत्ता नव्हता!

तेवढ्यात याल्मारीची गाडी आली, अगदी सावकाश. मागे केसांत बर्फ माखलेली हिल्का, आणि तिचे उघडे हात थेट याल्मारीच्या कोटाच्या दोन्ही खिशांत!

"अगं, त्याच्या मुठी आहेत ना ऊबदार!" तौनो ओरडला.

"मुठींचं नाव काढू नकोस! वळणावर मोजे तिथेच ठेवून उडी मारली म्हणून वाचले. यापुढे मी कुठल्याही गाडीच्या मुठीला हात लावणार नाही!"

तिने हात खिशांतून काढलेच नाहीत. याल्मारीचा चेहरा नुसता खुलला होता. त्याने तौनोला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "लेका, माझ्याही गाडीला अशाच बसवून दे ना!"