कारकुनाच्या खोलीतला कोट

"उद्या पाहुणे यायच्या आत हा कोट घराबाहेर गेलेला दिसला पाहिजे," हेडक्लार्कीणबाईंनी बजावलं. "नाहीतर मी त्याची फरशी पुसायची फडकी करीन. सांगून ठेवते!"

हेडक्लार्कसाहेबांनी घाईघाईने कोटाची बटणं लावून घेतली. बाईंच्या बोलण्यात पोकळ धमकी नसते, हे त्यांना ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात त्यांची एक लाडकी पँट अशीच कामी आली होती, आणि रोज सकाळी ती ओली होऊन पलंगाखालून फिरताना पाहिली की ते पाठ फिरवून बसत.

कोट लग्नाच्या आधीचा होता. कोपरं विरली होती, कॉलरचा मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता, आणि मधलं बटण लाल होतं. ते मुलीच्या लहानपणीच्या फ्रॉकचं. हाताशी दुसरा दोरा नव्हता म्हणून बाईंनी ते हिरव्या दोऱ्याने लावलं होतं. आता ते लोंबायला लागलं होतं, पण साहेबांचा त्या कोटावर भारी जीव.

"माणूस जुना झाला की त्याला अनुभवी म्हणतात. कोट जुना झाला की चिंधी! हा कुठला न्याय?"

"अनुभवी माणसाच्या कोपरातून आतला शर्ट दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मुलीचे सासरे पहिल्यांदा घरी येतायत. त्यांना काय वाटेल?"

विषय बदलावा म्हणून साहेबांनी ऑफिसात मिळालेले दोन पास काढले. म्युझियममध्ये जुन्या चित्रपटांतल्या कपड्यांचं आणि सामानाचं प्रदर्शन लागलं होतं. बाई लगेच तयार झाल्या. साहेब कोट घालूनच निघाले.

"शेवटचं फिरवून आणतो त्याला," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले.

म्युझियममध्ये बाई राणीच्या पोशाखांच्या दालनात ज्या शिरल्या त्या शिरल्याच. साहेब एकटेच हिंडत राहिले. पुठ्ठ्याच्या तलवारी पाहिल्या, कापसाचा वाघ पाहिला, आणि एका कोपऱ्यातून वळताच एकदम त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. समोर अंधुक दिव्याखाली एक टेबल होतं, फायलींचा ढीग होता, कुरकुरणारी खुर्ची होती आणि कोट अडकवायचा स्टँड होता. कुठल्याशा चित्रपटातल्या गरीब कारकुनाची ती खोली होती. पुढची दोरी हुकातून निसटून जमिनीवर लोळत होती.

त्यापुढे जे झालं त्यात साहेबांचा काही दोष नाही. टेबल, फायली आणि स्टँड एकत्र दिसले की त्यांचे हात आपोआप चालत. त्यांनी कोट काढून स्टँडला अडकवला, खुर्चीत बसले, फायलींच्या कडा सारख्या केल्या आणि वरची फाईल उघडली. आतले कागद कोरे निघाले, याचं त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"अहो! कुठं आहात?"

बाईंची हाक ऐकून ते दचकून उठले. स्टँडवरचा कोट ओढला, चालता चालता अंगात चढवला आणि बाहेर आले. स्टँडवर आधीपासूनच एक कोट होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बाहेर उजेडात बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की साहेबांना लग्नातला फोटो आठवला.

"अहो, नवा कोट! कधी घेतलात? आणि मला पत्ता नाही!"

साहेबांनी खाली पाहिलं. कोट अंगाला बसत होता, पण त्यांचा नव्हता.

"रंग जरा मळखाऊ आहे," बाई मागून पुढून न्याहाळत म्हणाल्या, "पण कोपरं शाबूत आहेत! आणि तो जुना टाकलात ना कुठंतरी? शहाणे ते!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. एक तर त्यांच्या अंगावर चोरीचा माल होता, आणि त्यांचा जिवाभावाचा कोट आत परक्यांच्या तावडीत होता. "चष्मा राहिला," असं पुटपुटून ते आत पळाले. चष्मा नाकावरच होता.

कारकुनाच्या खोलीपुढे गर्दी जमली होती. दोरी पुन्हा हुकात अडकवलेली होती. छडी घेतलेले एक गृहस्थ माहिती सांगत होते. "हा कोट मुळात कोरा होता. वेशभूषाकाराने तो दगडाने घासला, चहाच्या पाण्यात उकळला. पाहा ही कोपरं! पाहा हे लाल बटण! दारिद्र्याचा इतका बारीक विचार कुणी केला असेल?"

एका आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एक तरुण मात्र नाक मुरडून म्हणाला, "जरा अतीच केलंय. इतका फाटका कोट खरा माणूस कधी घालेल का?"

खरा माणूस त्याच्या शेजारीच उभा होता. त्याने पहारेकऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, तो कोट माझा आहे."

पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, तुमच्या अंगावर एवढा चांगला कोट आहे. गरिबाच्या कोटावर कशाला डोळा?"

"अहो, हा अंगावरचा तुमचा आहे!"

"माझा? मला असला कोट कुठला परवडायला!"

आवाज वाढले तशा संचालिकाबाई आल्या. साहेबांनी सगळी हकिगत सांगितली. खूण म्हणून स्टँडवरच्या कोटाच्या खिशात पेन्सिलीचं थोटूक असल्याचंही सांगितलं. संचालिकाबाईंनी खिशात हात घातला. थोटूक निघालं.

"वा!" त्या गहिवरल्या. "प्रेक्षकाला कधी दिसणार नाही, तरी खिशात थोटूक! याला म्हणतात कला!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात त्यांना शोधत बाई येऊन गर्दीत उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे लक्ष जायच्या आधी त्यांना आजीबाईंचे डोळे दिसले आणि मग लांबून तो कोट.

"अगंबाई! काय हे नशीब बिचाऱ्याचं!" बाई कळवळल्या. "याच्या बायकोला काही लाजबिज होती की नाही?"

"नाहीतर काय!" आजीबाई फणकारल्या. "स्वतः नटत असेल मेली!"

सगळ्या गर्दीने माना डोलावल्या. बाई दोरीवरून वाकल्या, आणि त्यांना लाल बटण दिसलं. मग हिरवा दोरा दिसला. त्या झटकन दोन पावलं मागे सरकल्या.

"अगं, तूच सांग यांना," साहेब धावत पुढे आले. "हा कोट कुणाचा?"

बाईंनी कोटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आजीबाईंकडे पाहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ!

"मला काय माहीत?" त्या ठासून म्हणाल्या. "आमच्या घरात असला कोट कधी नव्हता. चला हो!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. व्याह्यांनी चहा पिता पिता साहेबांच्या कोटाकडे दोनतीनदा पाहिलं. "कोट ओळखीचा वाटतो. हां, एका सिनेमात होता असा. त्यातला माणूस फार गरीब होता हो."

"यांनी कालच आणलाय!" बाई घाईने म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

साहेब आता अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत चोरून म्युझियममध्ये जातात. तिकीट काढून दोरीपलीकडे उभे राहतात आणि कोटाची ख्यालीखुशाली बघून येतात. एकदा गेले, तर लोंबणारं बटण घट्ट बसलेलं दिसलं. हिरव्याच दोऱ्याने.

"एक बाई येतात मधूनमधून," पहारेकरी कुजबुजला. "काल सुईदोरा घेऊन सरळ आत घुसल्या. म्हणाल्या, चार लोकांत उभं राहायचंय त्याला, बटण तरी धड नको? मी अडवायला गेलो, तर मलाच दिवा धरायला लावला."

संध्याकाळी साहेब घरी आले. चित्रपटातला कोट खुंटीला लावला आणि तो जरा वेळ निरखत उभे राहिले.

"याचंही एक बटण सैल झालंय गं. लावून देतेस?"

"आज नाही जमायचं," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दोरा संपलाय."

"उद्या येताना आणतो," साहेब म्हणाले. "हिरवाच ना?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.