खोकला गेला कुठे?

संगणकावरून पत्र गेलं आणि मगच भिंगताईंचं लक्ष पत्त्याकडे गेलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यासाठी लिहिलेली ओळ ज्यांच्याबद्दल होती त्या मोठ्या डॉक्टरांनाच गेली होती: "म्हातारबुवांनी खोकला गिळलाय!"

भिंगताई हे नाव त्यांना कामामुळेच चिकटलं होतं. औषधांच्या चाचण्या करणारे आधी काय मोजणार म्हणाले आणि शेवटी काय छापलं, हे त्या ताडून पाहत. मोठ्या डॉक्टरांच्या चाचणीत खोकला किती कमी होतो ते मोजायचं ठरलं होतं. छापलेल्या निबंधात मात्र औषधाची चव आणि झोप यांचंच कौतुक. खोकल्याचा मागमूस नाही.

"परत बोलवा ना ते पत्र," सहकारी म्हणाला.

भिंगताईंनी तेही केलं. संगणकाने इमानेइतबारे डॉक्टरांना कळवलं, की 'म्हातारबुवांनी खोकला गिळलाय' हे पत्र पाठवणाऱ्याला मागे घ्यायचं आहे. घाईघाईने त्यांनी माफीनामा धाडला, आणि त्याची प्रत चुकून गेली विभागप्रमुख बाईंना.

बाई तरातरा आल्या. "अहो, तुम्हाला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर तेच आहेत! आत्ताच फोन आला. इकडे यायला निघालेत."

भिंगताई कोपऱ्यात गेल्या. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "पाय धर, पण खोकला सोडू नकोस."

डॉक्टर आले. काठी टेकत समोर बसले.

"म्हातारबुवा कोणी लिहिलं?"

"मी," भिंगताई कशाबशा म्हणाल्या. "त्याची माफी मागते. पण खोकल्याचे आकडे हवेत, सर."

डॉक्टरांनी काठी टेबलाला टेकवली. "औषध घेणारे जास्तच खोकले. कंपनी म्हणाली, ते वगळा. मी वगळलं. वाटलं होतं, कोणीतरी विचारेल. सगळ्यांनी चवच वाचली." त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "सगळं आहे यात. छापा."

ते गेल्यावर बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "शाब्बास! आता अहवालात नीट लिहा, आकडे कसे मिळवले ते."

भिंगताईंनी लिहिलं: 'मूळ संशोधकांशी पत्रव्यवहार केला.'

"एवढंच?" सहकाऱ्याने विचारलं.

"बाकीचं," भिंगताई पडद्यावरून नजर न हटवता म्हणाल्या, "महत्त्वाचं नाही."