पोस्टमनदादांचा पराभव

“आठ ओळी झाल्या,” काकू म्हणाल्या, “गेलेला माणूस अजून आला नाही.”

वायरमनकाकांनी कागद खाली ठेवला. पोस्टमनदादा गेल्याला चार दिवस झाले होते आणि मंडळानं श्रद्धांजली लिहायचं काम काकांवर सोपवलं होतं. काका सकाळपासून लिहीत होते.

“येतो ना पुढे. आधी थोडी पार्श्वभूमी नको?”

“पार्श्वभूमी सगळी तुमचीच आहे. ‘मी वजीर पुढे काढला, मी हत्तीनं कोंडी केली.’ अहो, दुखवटा आहे की सत्कार?”

काकांनी कागद पुन्हा उचलला. बायकोला बुद्धिबळातलं काय कळणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मंडळ म्हणजे इंटरनेटवरचं ‘निवांत बुद्धिबळ मंडळ’. एका चालीला तीन दिवसांची मुदत, म्हणून निवांत. जवळजवळ दीडशे माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली. नावानं कुणी कुणाला ओळखत नसे, धंद्यानं ओळखत. नर्सबाई कारभार पाहायच्या, बेकरीवाला भांडणं काढायचा, आणि दादा सगळ्यांचे होते. एखाद्याची चाल वेळेवर आली नाही, तर “तब्येत बरी आहे ना?” हा पहिला निरोप त्यांचा. खेळात त्यांच्या नादी लागायची कुणाची छाती नव्हती. तरी नव्या सभासदाचा पहिला डाव त्यांच्याशीच, अशी मंडळाची रीत होती.

आणि अकरा वर्षांपूर्वी, त्या पहिल्याच डावात, काकांनी दादांवर मात केली होती! एकेचाळिसाव्या चालीला. दादांचा लगेच निरोप आला, “शाब्बास! पण कुणाला सांगू नका हं. म्हाताऱ्याची अब्रू जाईल.”

काकांनी शब्द पाळला. म्हणजे मंडळात पाळला. मंडळाबाहेर न्हावी, दूधवाला, दातांचा डॉक्टर आणि दोन्ही व्याही यांना तो डाव चालींसकट पाठ झाला होता.

दादा त्यानंतर दर वर्षी विचारायचे, “काका, पुन्हा एक डाव होऊ दे की.” पण पुन्हा खेळलं आणि हरलं, तर? काकांनी कधी डोळ्याचं ऑपरेशन पुढे केलं, कधी मुलीचं बाळंतपण. घराला रंग तर निरोपातल्या निरोपात चार वेळा काढून झाला. दादा दर वेळी लिहायचे, “हरकत नाही, सवडीनं.”

आता दादाच गेले. मग जाता जाता खरं सांगून टाकायला काय हरकत होती? काकांनी श्रद्धांजलीच्या शेवटी लिहिलं, “दादा अजिंक्य होते, असं सगळे समजतात. त्यांना हरवण्याचं भाग्य या मंडळात फक्त मला लाभलं.” आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत बेकरीवाल्याचं उत्तर आलं. “काका, चुकताय. मीही हरवलंय. बाविसाव्या चालीला.”

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसावर कसला हा दावा? त्यांनी लिहिलं, “पुरावा?”

बेकरीवाल्यानं अख्खा डाव टाकला. काकांनी चष्मा लावून तपासला. मात होती. चोख होती.

“बेकरीवाल्याला जमलं?” काका खुर्चीतून उठलेच. “ज्याला उंट कुठून कुठे जातो ते अजून धड कळत नाही, त्याला?”

तेवढ्यात गणिताच्या बाईंनी लिहिलं, “मीही जिंकले होते. दादांनी सांगू नका म्हटलं होतं, म्हणून बोलले नाही.” मग रिक्षावाला. मग कुणी निवृत्त जेलर, ज्यांनी अकरा वर्षांत मंडळात एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांनीही काढलं, तर हेच.

इथे काकांनी थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर तारेतला फॉल्ट टोकापर्यंत शोधत गेलेला माणूस तो. त्यांनी लिहिलं, “हे सगळं संशयास्पद आहे. दादांच्या नावाला बट्टा लागतोय. नर्सबाईंनी सगळ्यांचे पहिले डाव काढून चौकशी करावी.”

नर्सबाईंनी संध्याकाळपर्यंत चौकशी केली. “एकशे बेचाळीस सभासद,” त्यांनी लिहिलं. “एकशे बेचाळीस पहिले डाव. दादा सगळे हरलेत. माझ्याशीसुद्धा. मला वाटायचं, मी एकटीच.”

ज्यानं त्यानं आपापला पहिला डाव पुन्हा उघडून पाहिला. बेकरीवाल्यानंसुद्धा भांडण काढलं नाही, हे आक्रीतच होतं.

दुसऱ्या दिवशी दादांच्या मुलीचा निरोप आला. “तुमचं सगळं वाचलं. बाबांची एक वही आहे. कुणाशी कसं हरायचं ते लिहून ठेवायचे. पहिला डाव जिंकला की माणूस टिकतो, म्हणायचे. ज्याचं पान त्याला पाठवते.”

काकांचं पान आलं. काकूंनी खांद्यावरून वाकून वाचलं.

“वायरमन. हट्टी आहे. सहज दिलं तर घेणार नाही, संशय येईल. चाळीसेक चाली लढत द्यावी, मग हत्ती सोडावा.” आणि त्याखाली, वेगवेगळ्या शाईत: “पुन्हा डाव मागितला. डोळ्याचं ऑपरेशन.” “पुन्हा मागितला. घराला रंग.” “पुन्हा रंग.” अशा दहा ओळी होत्या. शेवटची या वर्षीची. “खेळत नाही. हरायची भीती वाटत असावी. त्याला कसं सांगावं, की या वेळीही मीच हरेन?”

काकू सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

काकांनी मुलीला उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं, “घराला रंग काढला नव्हता.”

आठवड्यानं नर्सबाईंनी मंडळात विचारलं, “एक शिवणकाम करणाऱ्या ताई नव्यानं आल्यात. पहिला डाव कोण खेळणार?”

“मी,” काकांनी लिहिलं. दुसऱ्या कुणी लिहायच्या आत.

हरणं म्हणजे काय, बसल्या बसल्या हरता येतं, असा काकांचा अंदाज होता. नवव्या चालीला त्यांनी वजीर उचलून ताईंच्या घोड्याच्या माऱ्यात ठेवला.

ताईंचा निरोप आला, “काका, वजीर चुकून ठेवलात वाटतं. परत घ्या. मी नाही मारत.”

काकांनी परत घेतला. बाराव्या चालीला हत्ती सोडला. “काका, हत्ती जातोय हं, नीट बघा.” पंधराव्याला त्यांनी राजाच उघड्यावर काढला. ताईंनी शहसुद्धा दिला नाही.

“हरता येईना मला,” काका हताशपणे म्हणाले. “दादांनी एकशे बेचाळीस माणसांशी केलं, आणि एकालाही पत्ता लागू दिला नाही. मी एका बाईशी करतोय, तर तीच मला सावरून घेतेय.”

“मग जरा चांगलं खेळा,” काकू म्हणाल्या. “चांगलं खेळणाऱ्यालाच नीट हरता येत असेल.”

ते काही काकांच्या हातात नव्हतं. सतराव्या चालीबरोबर ताईंचा लांबलचक निरोप आला. “काका, तुम्ही अगदीच नवीन दिसता. लाजू नका. मीसुद्धा नवीनच, पण लहानपणी भावांबरोबर खेळलेय. सावकाश खेळू. मंडळ सोडून मात्र जाऊ नका.”

आणि पटावर त्यांनी आपला वजीर काकांच्या प्याद्याच्या माऱ्यात आणून ठेवला होता. अगदी सहज, चुकल्यासारखा.

काका पटाकडे पाहत राहिले. घ्यावा तर हात होईना, न घ्यावा तर त्या बाईचं मन मोडणार. बऱ्याच वेळानं त्यांनी एका बोटानं प्यादं तिरकं सरकवलं आणि वजीर घेतला.

“काय झालं हो?” काकूंनी आतून विचारलं. “जमलं का हरायला?”

“जिंकतोय,” काका म्हणाले. पण इतक्या हळू, की काकूंना बाहेर येऊन पुन्हा विचारावं लागलं.