पाठीमागची बटणं

"जोर लावू नकोस गं, मोडशील!"

"मग काय इथेच म्हातारी होऊ?"

"साठी उलटली आपली. आता व्हायचं काय राहिलंय?"

थोरली आणि धाकटी सोफ्यात रुतल्या होत्या. शेजारी शेजारी. अंगात वाळूची जाकिटं.

त्या तशाच राहू देत, तोवर मागचं सांगून घेऊ. आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी मुलींचीही हाडं तपासली. "ठिसूळपणा आईकडून आलाय," ते म्हणाले. "पण सगळं रक्तावर ढकलू नका. अंगावर थोडं वजन घेऊन चाला."

आईने तेवढंच ऐकलं : आईकडून आलाय. "लोक पोरींना सोनं देतात, मी भुसा दिला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ऑपरेशन उत्तम झालं होतं, पण ती पलंगावरून उतरेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या आणि हात टेकून जायच्या. नव्याकोऱ्या वॉकरवर टॉवेल वाळायचे.

थोरलीने जन्मभर लहान मुलींचे फ्रॉक शिवले होते. जाकिटंही तिनेच शिवली, कप्प्याकप्प्यांत वाळू भरून. सवयीचा हात, बटणं लागली पाठीवर. एकमेकींची लावून दोघी घरभर चालल्या, दमल्या, टेकल्या. जुन्या सोफ्याने त्यांना पोटात घेतलं.

"वळ, तुझी सोडते."

"वळता आलं असतं तर उठले नसते? बटणं मागे लावतं का कुणी!"

"फ्रॉकला मागेच असतात. आई लावते ना."

दोघींनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

मग धाकटीने बेंबीच्या देठापासून हाक मारली, "आईऽऽ!" आणि लगेच जीभ चावली. आई कशी येणार?

आत पलंग कुरकुरला.

टक्.

बराच वेळ काहीच नाही.

टक्. टक्.

दारात आधी वॉकर आला, त्यावरचा ओला टॉवेल आला, मग आई.

"आई, तू चाललीस!"

"मग काय उडत येऊ? माना खाली घाला."

ती सोफ्यामागे गेली. एक हात वॉकरवर, दुसऱ्याने एकेक बटण. बोटं जराही अडखळली नाहीत.

"भुसा म्हणे," थोरली मान खाली घालूनच पुटपुटली. "आणि माझी ही बोटं कुणाकडून आली?"

 पुढचं बटण सुटायला मात्र आईला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या तर दोघी बहिणी जाकिटं घालून सोफ्यावर. "आई गं, अडकलो!"

टक्. टक्. टक्.

आई आली. धाकटीच्या पाठीवरचा कप्पा तिने चाचपला. रिकामा. थोरलीचाही रिकामा. बाल्कनीतल्या कुंडीत वाळूचा ताजा ढीग दिसत होता.

"कशा गं वेंधळ्या तुम्ही," आई म्हणाली, आणि सावकाश, अगदी सावकाश, पहिल्या बटणाला हात घातला.