लोकल गार्डियन

दिल्लीतून मी आईला लिहिलेलं पहिलं पत्र पोस्टात पडलंच नाही. पाटणकरकाकांनी ते मला परत केलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : "परिच्छेद दोन. ‘इथे सगळं छान आहे’ हे विधान मोघम आहे. तपशील द्यावा. गाडीत चोरीला गेलेल्या बुटांचा उल्लेख नाही. पूर्तता करून फेरसादर."

"काका, तुम्ही माझं पत्र वाचलंत?"

"उघडं इनलँड माझ्या टेबलावर ठेवलंस. टेबलावर आलेलं मी वाचतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. बसा, श्रीयुत. क्वेरी आहे."

काका मला श्रीयुत म्हणायचे. मी अठरा वर्षांचा होतो, आणि माझ्यात श्रीयुत म्हणण्यासारखं काहीही नव्हतं. मिरजेच्या शिंप्याने शिवलेली, कमरेला ढगळ अशी पँट, आणि हिंदीतल्या प्रत्येक वाक्याचं लिंग चुकवण्याची हमखास हातोटी. एवढ्या भांडवलावर मी दिल्लीत कॉलेज शिकायला आलो होतो.

काका म्हणजे बाबांचे शाळासोबती. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. कसल्या सेक्शनचे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "फायली येतात, फायली जातात. बाकी तुला काय करायचंय यार?" बाबांची आणि त्यांची वीस वर्षांत गाठ नव्हती. तरी ‘मुलगा येतोय, हॉस्टेल मिळेपर्यंत चार दिवस’ एवढ्या पोस्टकार्डावर ते स्टेशनवर मला घ्यायला आले. फलाटावर मी अनवाणी उतरलो. त्यांनी पायांकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "क्वेरी आहे."

देशाची दारं उघडली असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. लक्ष्मीबाई नगरातल्या काकांच्या क्वार्टरचं दार मात्र रात्री नऊला तीन कड्या लावून बंद व्हायचं. घरात काका एकटेच. काकूंबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "डेप्युटेशनवर आहे. गुडगावला." मुलगा तिथे एका परदेशी कंपनीत होता. नव्या बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, गेटवर सलाम ठोकणारा गार्ड. नातू झाला म्हणून काकू तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. "मग मुदतवाढ मिळाली. मग पुन्हा मिळाली. आता नातू शाळेत जातो." हे सांगताना काका पोळी लाटत होते. पोळी अगदी गोल होती.

काका प्रत्येक गोष्टीवर क्वेरी काढायचे. दूधवाल्याला विचारायचे, काल साय जाड होती, आज का नाही, कारण सांगा. सरोजिनी नगरच्या बाजारातून मी मोठ्या धाडसाने पहिली जीन्स आणली, तर त्यांनी ती पलंगावर अंथरली आणि टेपने मोजली.

"डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच लांब आहे."

"एक्सपोर्टचा माल आहे, काका."

"अच्छा? कुठल्या देशात असे लोक असतात?"

मी तीच जीन्स घालून कॉलेजात गेलो. डावा पाय आत दुमडून. दुपारपर्यंत दुमड सुटायची, आणि मी एका पायाने झाडू मारत वर्गात शिरायचो.

कॉलेजचे पहिले आठवडे कसे गेले हे आईच्या पत्रात कधीच आलं नाही, आणि त्याबद्दल क्वेरी काढण्याएवढी माहिती काकांनाही नव्हती. पहिल्या दिवशी सीनियरांनी ‘इंट्रो दे’ म्हटल्यावर मी आजोबांच्या नावापासून सुरुवात केली. लोक इतके हसले की पुढचे दोन दिवस ते मला वेगवेगळ्या घोळक्यांसमोर तेच करायला लावत होते. त्यानंतर मला कुणी हाकच मारेना. हसणं परवडलं असं वाटण्याइतकं ते वाईट होतं. जेवायच्या सुट्टीत मी नोटीस बोर्ड वाचत उभा राहायचो. त्या वर्षीच्या सगळ्या नोटिसा मला पाठ होत्या.

मग सनीने मला वाचवलं. सनी पंजाबी बाग नावाच्या श्रीमंत वस्तीतला, स्वतःच्या मारुतीतून येणारा. अर्थशास्त्राच्या ट्यूटोरियलमध्ये त्याने माझी वही मागितली आणि सहज विचारलं, "रहता कहाँ है तू?"

लक्ष्मीबाई नगर, सरकारी क्वार्टर, बाबांच्या मित्राकडे, असं सरळ सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "गुडगाँव. कज़िन के पास. आठवीं मंज़िल."

म्हणजे काकांच्या मुलाचा फ्लॅट मी एका दमात ढापला. लिफ्ट, गार्ड, परदेशी कंपनी, सगळं. मी स्वतः तो फ्लॅट पाहिला नव्हता. काकांनी तरी कितीदा पाहिला होता कुणास ठाऊक. पण त्या आठव्या मजल्यावरून मी थेट सनीच्या टेबलावर उतरलो, आणि कँटीनमध्ये मला खुर्ची मिळाली. ती टिकावी म्हणून काकांनी पहाटे उठून केलेला डबा मी रोज मुद्दाम घरी विसरू लागलो. आठव्या मजल्यावरची मुलं दुधी भोपळा नेत नाहीत असा माझा अंदाज होता.

पाचव्या आठवड्यात हॉस्टेलची दुसरी यादी लागली. त्यात माझं नाव होतं. शुक्रवारपर्यंत लोकल गार्डियनची सही आणायची, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. मी धावत घरी आलो आणि फॉर्म काकांसमोर ठेवला.

सोमवारी फॉर्म परत आला. क्वेरी : मेसमध्ये तेल कुठलं वापरतात? विचारून आलो. मंगळवारी : खोलीला खिडकी कोणत्या दिशेला? बुधवारी : हॉस्टेल ते बसस्टॉप अंतर किती आणि वाटेत दिवे आहेत काय?

"काका, परवा शेवटची तारीख आहे!"

"घाईत सही केलेली माणसं मी पाहिलीयत, श्रीयुत. आज ती चौकशीला जातात."

त्या रात्री मी कॉटवर पडून त्यांना मनात पुष्कळ शिव्या दिल्या. या माणसाला फक्त अडवता येतं, असं माझं ठाम मत झालं. काकू तीन महिन्यांच्या बोलीवर जाऊन परत का आल्या नाहीत, तेही मला समजल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये सनी आणि त्याची दोस्तमंडळी बसली होती. मी त्यांना गुडगावच्या लिफ्टबद्दल काहीतरी सांगत होतो. तेवढ्यात दारात काका दिसले. राखाडी सफारी, खांद्याला कापडी पिशवी, हातात माझा डबा. ऑफिसच्या वेळेत काका बाहेर, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. घामाने त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता, आणि तो वर करत ते एकेक टेबल नीट तपासत येत होते.

"ये अंकल किसको ढूँढ रहे हैं?" सनी म्हणाला. "डब्बा देख! तेरे तो नहीं हैं?"

काका तोवर आमच्यापासून तीन पावलांवर आले होते. त्यांना मी दिसलो होतो. त्यांचा चेहरा उजळलाही होता.

"नहीं यार," मी म्हणालो. "मैं नहीं जानता."

त्या एका वाक्यात माझी हिंदी कुठेही चुकली नाही.

काका थांबले. मला वाटलं, आता ते समोर बसणार आणि म्हणणार, क्वेरी आहे. त्यांनी डबा सावकाश पिशवीत घातला. मग माझ्याकडे न बघता सनीला विचारलं, "बेटा, बाहर जाने का रास्ता इधर से ही है?"

"हाँ अंकल, सीधे."

"थँक यू."

ते सरळ गेले. सनीने लिफ्टबद्दल पुढे विचारलं, आणि मी पुढे सांगितलंसुद्धा. याबद्दल मी स्वतःला आजही माफ करू शकत नाही.

संध्याकाळी घरी जाताना मी तीन बस सोडल्या. कड्या लागायच्या जरा आधी पोचलो. बाहेरच्या खोलीत, माझ्या कॉटशेजारी, एक टेबल उभं होतं. जुनं, पण नव्याने पॉलिश केलेलं. वर दिवा. खिडकी उघडता यावी म्हणून ते थोडं तिरकं लावलं होतं. कॉटची उशी दुसऱ्या टोकाला नेली होती, म्हणजे दिव्याचा उजेड झोपताना डोळ्यांवर येऊ नये.

"हे कशाला, काका?"

"बाजारात विकायला निघालं होतं. हमाल दुपारीच आणून देतो म्हणाला, म्हणून हाफ डे टाकला." काका ताटं मांडत होते. "काकू आली की भाजी चिरायला होईल तिला."

आम्ही जेवलो. दुधी भोपळाच होता, दुपारचा. मी तो सगळा संपवला. काकांनी आणखी वाढला. दुपारचा विषय मी काढेन असं तीनदा ठरवलं आणि तीनदा पाणी प्यायलो.

हात धुऊन आल्यावर त्यांनी फॉर्मचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. "झालंय. सकाळी देऊन टाक. शेवटच्या दिवशी गर्दी असते."

शुक्रवारी हॉस्टेलच्या खिडकीशी रांगेत उभा असताना मी पाकीट उघडलं. फॉर्मच्या तळाशी इंग्रजीत छापलेलं एक वाक्य होतं, जे मी आठवडाभर वाचलंच नव्हतं : सदर विद्यार्थ्याला मी व्यक्तिशः ओळखतो, आणि त्याच्या वर्तणुकीची हमी देतो.

त्याखाली काकांची सही होती. समास कोरा होता.

क्लार्कने फॉर्म ओढून घेतला, शिक्का मारला आणि वर न बघता विचारलं, "पाटणकर. ये आपके कौन लगते हैं?"

"काका," मी म्हणालो. मग त्याला कळावं म्हणून जरा मोठ्याने, "चाचा हैं मेरे. मैं उन्हीं के घर रहता हूँ. लक्ष्मीबाई नगर."

पण तोवर त्याने पुढच्या मुलाला हाक मारली होती.