गहाळ ओळींचा पंचनामा

शहापूर-मुरबाड संयुक्त टंचाई निवारण कक्षाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक गावाला, पाड्याला आणि वाडीला स्वतःचा स्वतंत्र क्लास होता, आणि कक्षाला या गोष्टीचा रास्त अभिमान होता. क्लास म्हणजे प्रोग्राममधला साचा. गावाची कोणती माहिती ठेवायची आणि टँकर केव्हा सोडायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. खरं म्हणजे गणपतीच्या कारखान्यात असतो तसा एक साचा पुरतो, त्यातून हवी तितकी गावं काढता येतात. पण ही प्रणाली बनवणाऱ्यांनी ती कक्षातच बसून बनवली होती, आणि कक्षात कोणतंही नवं काम एकाच पद्धतीनं होत असे. मागच्याची प्रत काढायची आणि नाव बदलायचं. आदेश असेच निघत, निरोप समारंभाची भाषणंही अशीच होत. गावंही तशीच निघाली.

मनाली तिथे कंत्राटी संगणक अभियंता होती. करार महिनाअखेरीस संपत होता आणि वाढवायचा की नाही हे कक्षप्रमुख सतीश साहेबांच्या हातात होतं, त्यामुळे ती प्रणालीला शक्यतो हात लावत नसे. पण मे महिन्यात मुरबाडकडच्या बिबळवाडीहून तिच्या मैनामावशीचा फोन आला.

"मनाले, आमच्याकडं टँकर येत नाय गो. तू त्याच हापिसात हायस ना? बघ ना जरा."

मनालीनं बिबळवाडीचा क्लास उघडला. त्यात लिहिलं होतं की वाडीला चोवीस तास पाणी देणारा नळ आहे. नळाचं ठिकाण: निसर्गछाया कॉम्प्लेक्स, बी विंग, गेटजवळ, वाशिंद. मनालीनं ते पुन्हा वाचलं, कारण ती स्वतः निसर्गछायाच्या बी विंगमध्ये भाड्यानं राहत होती. कॉम्प्लेक्स नवीन असताना तिथेही टँकर येत असे, म्हणून त्याचाही क्लास होता. पुढे नळ आला, नळाची नोंद झाली. आणि बिबळवाडीची नोंद करणाऱ्या कुणीतरी निसर्गछायाची प्रत काढली, नाव बदललं आणि तो जेवायला गेला. जेवून आल्यावर त्यानं बिबळवाडीची प्रत काढून आणखी वाड्या केल्या. कागदोपत्री अर्धा मुरबाड तालुका मनालीच्या बिल्डिंगखाली पाणी भरत होता.

या सगळ्यांच्या वर 'टंचाई व्यवस्थापक' नावाचा एक अवाढव्य क्लास बसला होता. तो टँकरच्या फेऱ्या ठरवी, ड्रायव्हरांच्या रजा मंजूर करी, पंखे दुरुस्तीचे अर्ज पुढे ढकली आणि साहेबांच्या वाढदिवसाला सर्वांच्या मोबाईलवर शुभेच्छा पाठवी. मनालीच्या आधीच्या अभियंत्यानं त्यातल्या शुभेच्छा काढल्या, तर दुसऱ्या दिवशी एकही टँकर सुटला नाही. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

मनालीनं लावला. व्यवस्थापकाची कामं सोडवून वेगवेगळी केली, आणि सगळ्या गावांच्या प्रती काढून टाकून 'गाव' नावाचा एकच सुटसुटीत क्लास लिहिला. प्रतींबरोबर वाड्यांच्या नावावरचा तो नळही गेला. प्रोग्राममध्ये साठ हजार ओळी होत्या, त्या पाच हजारांच्या आत आल्या. त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. "आला गो टँकर. आज सगल्या बायांनी डोक्यावरून आंघोल केली." हे ऐकून मनालीला जो आनंद झाला तो तिला पगाराच्या दिवशीही होत नसे.

ती पेढे घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी एक पेढा खाल्ला आणि विचारलं, "किती ओळी लिहिल्या, मॅडम?"

"लिहिल्या नाहीत सर, काढल्या. पंचावन्न हजार तरी असतील."

साहेबांचा दुसऱ्या पेढ्याकडे गेलेला हात थांबला. त्यांनी भांडार विभागाच्या वंदना मॅडमना बोलावलं.

प्रणाली खरेदी झाली तेव्हा तिची नोंद कुठे करावी हा प्रश्न आला होता, आणि प्रोग्रामसाठी रकाना नसल्यामुळे ती फर्निचरखाली झाली होती. 'ओळी, संगणकीय, नग साठ हजार'. त्यांच्या वर लोखंडी कपाटं होती आणि खाली सतरंज्या. वंदना मॅडमनी चष्मा लावून स्क्रीनवरच्या ओळी मोजायला घेतल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या संपल्या.

"बाकीच्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्या नकोच होत्या, मॅडम. सगळ्या एकसारख्या होत्या."

"सतरंज्यापण एकसारख्या आहेत. म्हणून मी एक ठेवून बाकीच्या टाकून देऊ का?"

रीतसर पंचनामा करायचं ठरलं. पंच म्हणून टँकर ड्रायव्हर धोंडी आणि कॅन्टीनवाला शाम यांना बोलावण्यात आलं. दोघांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "आमाला तर काय दिसत नाय," धोंडी म्हणाला, आणि तसंच लिहून घेण्यात आलं: 'ज्या जागी सदर ओळी होत्या ती जागा मोकळी व स्वच्छ आढळली. झटापटीच्या खुणा नाहीत.'

मनालीनं सुचवलं की मोडक्या खुर्च्यांचं निर्लेखन करतात, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी करतात, तसं ओळींचं करावं. साहेबांनी नियम वाचून दाखवला. निर्लेखन फक्त निरुपयोगी वस्तूचं होतं. "ओळी निरुपयोगी होत्या, तर कक्ष इतकी वर्षं निरुपयोगी प्रणाली चालवत होता असं होईल. उपयोगी होत्या, तर तुम्ही त्या का काढल्या? दोन्हीकडून तुम्हीच अडकता, मॅडम. मला तुमचा करार वाढवायचा आहे. तुम्हीच काय तो मार्ग काढा."

मार्ग साहेबांच्याच ड्रॉवरमध्ये होता. जुन्या प्रणालीची प्रत असलेला पेन ड्राइव्ह त्यांनी काढून टेबलावर ठेवला. मनालीनं एक रात्र विचार केला. घरभाडं होतं, वडिलांची औषधं होती. सकाळी येऊन तिनं साठ हजार ओळी पूर्ववत केल्या. वंदना मॅडमनी समाधानानं सही केली. 'टंचाई व्यवस्थापक' परत आला आणि त्यानं आल्या आल्या साहेबांना वाढदिवसाच्या राहिलेल्या शुभेच्छा पाठवल्या.

बिबळवाडीचा टँकर बंद झाला.

"एवढ्या एका वाडीची नोंद तरी बदलू द्या, सर," मनालीनं विनंती केली. "तिथे नळच नाही."

"अवश्य बदला," साहेब म्हणाले. ते मनानं वाईट नव्हते. "नोंदीतला नळ कमी करायचा, तर नळ बंद केल्याचा दाखला लागेल. आणि बंद करण्यापूर्वी तो नळ अस्तित्वात पाहिजे."

मनालीनं फोनवर मावशीला हे सगळं समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हंजी आमच्या नावाचा नळ बंद केला का टँकर येल? मंग कुठं हाय तो नळ, तेवढं सांग."

मनालीनं नोंदीत होतं तसं सांगितलं. सांगताना त्याचा अर्थ काय होईल हे तिच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी ती आंघोळीला बसली, केसांना शांपू लावला आणि पाणी गेलं. खाली गलका ऐकू आला म्हणून ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाल्कनीत आली. गेटजवळ टेम्पो उभा होता. बिबळवाडीच्या बायका आपापले हंडे भरून ओळीनं उभ्या होत्या, आणि भिमी नावाची एक दांडगी बाई मोठा पाना घेऊन मुख्य नळ आवळत होती. मैनामावशी वॉचमनला समजावत होती, "आमी चोर नाय रे, बिबळवाडीच्या बाया. आमच्याच नावावर हाय हा नळ. बंद करतो नि दाखला घेऊन जातो. बंद करायच्या आधी भरून घेतलं, ते सांडून काय करायचं?"

सोसायटीचे सेक्रेटरी महेंद्र तोंडाला टूथपेस्ट लागलेल्या अवस्थेत धावत आले. बाकीचे लोक मोबाईलवर फोटो काढत होते. तेवढ्यात मावशीची नजर वर गेली.

"मनाले, हाच ना गो तो नळ?"

सगळ्या बिल्डिंगनं वर पाहिलं. मनालीच्या कपाळावरून फेस ओघळत होता. भाडेकराराला सोसायटीची दर वर्षी परवानगी लागते, हे तिला त्या क्षणी आठवलं.

"कोण पाहिजे आपल्याला?" ती म्हणाली.

मावशीनं हंडा डोक्यावर चढवला आणि बायकांना म्हणाली, "चला गो. ही ती नाय."

तासाभरात प्लंबरनं नळ पुन्हा सोडला. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. बिबळवाडीहून आलेल्या बाहेरच्या लोकांनी आमच्या हक्काच्या नळावर केलेल्या अतिक्रमणाचा आम्ही तीव्र निषेध करतो, सोबत फोटो जोडला आहे. खाली सूचना होती: 'मजकूर कॉपी करा, फक्त नाव आणि फ्लॅट नंबर बदला, कक्षाला पाठवा. ज्यांची तक्रार जाणार नाही त्यांची नोंद घेतली जाईल.' संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे मेसेज गेले. मनालीनंही मजकूर कॉपी केला, नाव आणि फ्लॅट नंबर बदलला.

सोमवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एकसारख्या तक्रारींचा गठ्ठा होता, प्रत्येकीला तोच फोटो जोडलेला. साहेब प्रसन्न होते.

"बिबळवाडीचं प्रकरण निकाली निघालं, मॅडम. इतक्या सुशिक्षित नागरिकांनी लेखी पुरावा दिलाय. नळ अस्तित्वात आहे, चालू आहे, आणि वाडीच्या महिला त्यावर भरलेले हंडे घेऊन फोटोत स्पष्ट दिसतायत. आता टँकरचा प्रश्नच उरत नाही." त्यांनी गठ्ठ्यावर शिक्का मारला आणि मनालीच्या करारावर सही केली. करार तिनं नीट वाचला. मागच्या वर्षीचाच होता, तारीख तेवढी बदललेली होती.

मावशीचा फोन त्यानंतर आला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र आता आठवड्याला एखादा मजकूर येतो, कधी फेरीवाल्यांविरुद्ध, कधी भाडेकरूंविरुद्ध. तसे तुमच्याही ग्रुपवर येत असतील. पुढे पाठवताना नाव तेवढं आठवणीनं बदलत जा.