सुभानरावांच्या फटफटीचं सीमोल्लंघन

"यंदा दसऱ्याला मांडवीला तुझ्या माहेरी जायचं ते आपल्या फटफटीवरनंच! तुझा भाऊ बघतच राहील!" सुभानरावांनी हे भर पितृपक्षात बायकोला, येसूबाईंना, जाहीर केलं. तिथंच खरं म्हणजे माशी शिंकली.

त्याला कारणही तसंच होतं. गेल्या दसऱ्याला मेहुणे विश्वासराव चारचौघांत म्हणाले होते, "दाजी, तुमचा तो खटारा मांडवीपर्यंत आला, तर मिशी उतरवीन!" आता सुभानरावांचे पणजोबा म्हणजे संस्थानच्या फौजेतले शिलेदार. त्यांच्या घोड्याच्या जागी सुभानरावांकडे होती पासष्ट सालची छोटी फटफटी. वासणा भागातल्या आपल्या रो-हाउसच्या ओट्यावर बसून, भंगारबाजारातून एकेक भाग शोधून आणून त्यांनी ती स्वतः उभी केलेली. एका किकेत सुरू व्हायची बिचारी!

पण भिंतीपलीकडे प्रोफेसर भास्करराव राहायचे आणि त्यांच्याकडेही हुबेहूब तशीच फटफटी होती. आवाज मात्र असा मऊ, की गल्लीतलं कुत्रं मान वर करायचं नाही. एकदा येसूबाई सहज म्हणून गेल्या, "बाई, किती गुणाची गाडी!" झालं! त्या दिवशी सुभानरावांना आमटी कडू लागली, ती आजतागायत गोड झाली नव्हती. स्वतःच्या हातांनी केलेल्या गाडीचं कौतुक नाही, आणि शेजारची गुणाची!

खंडेनवमीच्या सकाळी ते बादली पालथी घालून भिंतीवरून डोकावले. बघतात तर काय! भास्कररावांनी अख्खी गाडी खोलली होती. वर्तमानपत्रावर भागांचे नीट ढीग, आणि प्रत्येक ढिगावर चिठ्ठी!

"येसू! गुपित कळलं! दसऱ्याआधी नखशिखांत खोलून साफ करतो हा लेकाचा!"

"अहो, पण आपली चालतेय ना?"

"चालते! पण त्याच्यासारखी नाही ना चालत!"

दुपारपर्यंत पिस्टन, कार्ब्युरेटर, क्लचच्या प्लेटा सगळं राकेलनं धुऊन परातीत! "आता जेवून जोडायला बसतो," म्हणत सुभानराव अंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघतात, तर येसूबाईंनी पूजा मांडून उरकलीसुद्धा! पाटावर पणजोबांची तलवार, शेजारी पाने-पक्कड ओळीनं, आणि मधोमध परात! पिस्टनला हळदकुंकू, किकेला झेंडूची माळ, कार्ब्युरेटरच्या भोकात अक्षता!

"अगं, पाने दे इकडं! गाडी जोडायचीय!"

"पुजलेल्या हत्याराला सीमोल्लंघनाआधी हात? पणजोबांनी लावला असता का?"

"अगं बये, पण सीमोल्लंघन त्याच गाडीवरनं करायचंय!"

"मग खोलण्याआधी विचारायचं होतं!"

आता खुद्द पणजोबाच मधे आलेले. शेवटी अडला हरी! सुभानराव अभिमान गिळून शेजारी गेले. भास्करराव हिंचक्यावर झुलत होते.

"जरा तुमचे पाने-पक्कड मिळतील?"

"अरे, ते तर गेले! भंगारवाल्याला गाडीबरोबरच देऊन टाकले."

"गाडीबरोबर?"

"हो ने! लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं कराल तरच घेतो म्हणाला. सकाळपासून तेच तर करत होतो. उद्या नवी शंभर सीसीची येतेय!"

सुभानराव मटकन पायरीवर बसले. "अहो, पण लोण्यासारखी चालायची हो तुमची!"

"कसली लोण्यासारखी! सायलेन्सर चोंदला होता, म्हणून आवाज दबलेला. चढ आला की उतरून ढकलायचो! तुमची मात्र एका किकेत सुरू!" भास्कररावांनी हिंचका थांबवला. "आता खरंच सांगतो. आठ वर्षं जळत होतो तुमच्यावर! शेवटी वैतागून काढून टाकली."

आठ वर्षं! आपल्यावर कुणी जळतंय हे सुख दारात आठ वर्षं उभं होतं, आणि कळलं कधी? तर गाडी परातीत गेल्यावर! सुभानरावांना हसावं की रडावं कळेना.

दसऱ्याला फाफडा-जिलेबी घेऊन येसूबाई रिक्षातून मांडवीला गेल्या. मागोमाग भास्कररावांच्या नव्याकोऱ्या गाडीवर, मागच्या सीटवर दांडी घट्ट धरून, सुभानराव. चढावर गाडी अशी काही पळाली की आता जळायची पाळी त्यांची होती.

विश्वासराव दारातच उभे. त्यांनी नव्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "वा! घ्यावी तर अशी!" मग मिशीला पीळ भरत ते वळले, "काय दाजी, तुमची फटफटी आली का मांडवीपर्यंत?"

सुभानरावांनी खिशातून आपट्याची पानं काढली, आणि त्यांवर हळदकुंकवाचा पिस्टन ठेवून हात पुढे केला.

"सुरुवात झालीय," ते म्हणाले. "बाकीची परातीत आहे."